रात्रीचे आकाश आणि गावाचा अधिकार

२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत शिरूर आणि दौंड तालुक्यांतील अनेक गावांनी रात्री जागून काढल्या. अंधार पडल्यावर वाड्या-वस्त्यांवरून आणि उसाच्या फडांवरून लुकलुकत्या दिव्यांची लहान यंत्रे घिरट्या घालतात, अशा तक्रारी येऊ लागल्या. आंबेगाव, जुन्नर, बारामती या शेजारच्या तालुक्यांतून तशाच तक्रारी आल्या आणि त्यानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतूनही आल्या. चोरटे घरांची टेहळणी करीत आहेत, असा समज पसरला. तरुणांनी काठ्या आणि विजेऱ्या घेऊन गस्ती सुरू केल्या. प्रश्न पावसाळी अधिवेशनात विधिमंडळापर्यंत गेला. अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन पोलिसांनी केले. पुढे पाऊस लागला, पेरण्या आटोपल्या, वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले आणि हा विषय मागे पडला.

विषय मागे पडला तरी प्रश्न सुटला असे होत नाही. त्या रात्री आकाशात नेमके काय होते, एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. खाजगी मालकीचे, मनुष्यरहित, स्वस्त असे विमान कोणालाही, केव्हाही, कोणाच्याही डोक्यावरून उडवता येऊ लागले आहे. त्याची जोखीम कोणी सोसावयाची आणि त्याचे नियमन कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. शहरातील सुशिक्षितांनी 'खेड्यातल्या लोकांचा भ्रम' म्हणून तो हसण्यावारी नेला. काही राजकारण्यांनी त्याला कटाचे स्वरूप दिले. या दोन्ही भूमिका सोयीच्या होत्या, कारण दोहोंतही विचार करण्याचे श्रम वाचत होते.

भ्रमाचा भाग काही अंशी खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. काळोख्या आकाशातील एकाकी प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिले की तो स्थिर असला तरी हलत असल्याचा भास होतो. दृष्टीचा हा धर्म शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लोहगावच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने, एकामागोमाग एक जाणारे कृत्रिम उपग्रह, क्षितिजाजवळचा शुक्र, यांपैकी काहीही भयभीत डोळ्यांना ड्रोन वाटू शकते. हा काही मराठी खेड्यांचाच विशेष नव्हे. २०२४ च्याच नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतील न्यू जर्सी या संपन्न, सुशिक्षित राज्यात नेमका असाच गोंधळ उडाला. तेथील केंद्रीय तपास यंत्रणेकडे पाच हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतील सुमारे शंभरच पुढील तपासास योग्य ठरल्या. पुष्कळशा प्रसंगी लोकांनी पाहिली होती ती नेहमीची विमाने, कायदेशीर ड्रोन किंवा चक्क तारे होते. शिरूरच्या शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी न्यू जर्सीच्या नागरिकांना कोणते विशेषण लावावे, हे ठरवावे.

परंतु काही दिवे भासाचे होते म्हणून सर्वच दिवे भासाचे होते, असा निष्कर्ष निघत नाही. ड्रोन ही वस्तू गावाला अपरिचित राहिलेली नाही. लग्नसमारंभाच्या चित्रणापासून पिकांवरील औषध फवारणीपर्यंत ती सर्वत्र पोहोचली आहे. गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन वापरण्याचा प्रारंभीचा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला आणि २०२० च्या एप्रिलपासून 'स्वामित्व' योजनेखाली तो देशभर नेण्यात आला. बचत गटांतील स्त्रियांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात १,२६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा यंत्राची भीती हे या तक्रारींचे मूळ नव्हे. दिवसाउजेडी, ग्रामसेवकाच्या साक्षीने मोजणी करणारे यंत्र लोकांनी सहज स्वीकारले. रात्री, नाव-गाव न सांगता फिरणारे यंत्र त्यांनी नाकारले. या दोहोंतील भेद त्यांनी अचूक ओळखला, असेच म्हणावे लागेल.

रात्रीच्या उड्डाणाविषयी विमानविद्येचा अनुभव काय सांगतो, ते पाहण्यासारखे आहे. मनुष्य बसलेल्या लहान खाजगी विमानास केवळ नजरेच्या भरवशावर रात्री उडण्याची मुभा भारतात सामान्यतः नाही. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी वीस मिनिटांपर्यंत असे उड्डाण करावयाचे तर नियंत्रण कक्षाची खास सवलत लागते, आणि तीही स्थानिक अथवा प्रशिक्षणाच्या उड्डाणापुरती. यामागे कटू अनुभव आहे. अंधारात क्षितिज दिसत नाही, अंतराचा व उंचीचा अंदाज चुकतो आणि वैमानिकाच्या शरीराला वर कोणते व खाली कोणते याची जाणीव राहात नाही. १९९९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र स्वतःचे लहान विमान रात्री समुद्रावरून नेत असता कोसळून मृत्यू पावले, आणि सोबत त्यांची पत्नी व मेहुणीही गेल्या. चौकशीअंती निष्कर्ष निघाला तो हाच, की अंधारात त्यांचे दिशाभान हरपले होते.

ड्रोन चालविणारा जमिनीवर सुरक्षित उभा असतो, त्यामुळे त्याच्या जिवाची जोखीम नाहीशी होते; खाली असणाऱ्याची मात्र तशीच राहते. चारशे फुटांवरून दोन किलो वजनाचे यंत्र खाली आले तर ते कोणाच्या मस्तकावर पडेल, हे चालविणाऱ्यास रात्री दिसत नाही. विजेच्या तारा दिसत नाहीत, झाडांचे शेंडे दिसत नाहीत. बॅटरी संपली, संदेश तुटला, पात्यात काही अडकले, तर यंत्राचे काय झाले हेही त्यास कळेलच असे नाही. आणि खाली कोणी नसेल, ही समजूत शिरूर-दौंडपुरती तरी साफ चुकीची आहे. या तालुक्यांत रात्र हा कामाचा वेळ आहे. शेतीपंपांना आलटून पालटून दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. कालव्याचे आवर्तन सुटले की पाण्याची पाळी रात्रीही धरावी लागते. ऊसतोडणीच्या हंगामात पहाटेच्या काळोखात टोळ्या फडात उतरतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांच्या पाळ्या मध्यरात्री सुटतात. शहराला झोप लागते तेव्हा येथील श्रमिक उघड्या आकाशाखाली असतो.

त्याच्या रात्रीत आणखी एक भय आधीपासून आहे. घोड व भीमा नद्यांच्या खोऱ्यातील उसाने बिबट्याला आश्रय दिला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत दोन बालके व एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यांत बळी पडली. बिबट्याच्या शोधासाठी वनखात्याने उष्णतेचा माग काढणाऱ्या ड्रोनचा उपयोग केला आणि तो सर्वथैव योग्य होता. परंतु त्यामुळेच एक पेच उत्पन्न होतो. एका रात्री डोक्यावर फिरणारा दिवा प्राण वाचविण्यासाठी आलेला असतो, दुसऱ्या रात्री तसाच दिवा कशासाठी आला हे ठाऊक नसते. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. सार्वजनिक हिताचे यंत्र व अनोळखी यंत्र यांतील फरक नागरिकाला कळण्याची सोय जर राज्यसंस्थेने केली नसेल, तर लोक एक तर प्रत्येकावर विश्वास ठेवतील किंवा कोणावरही ठेवणार नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत.

आता कायद्याकडे वळू. २०१८ च्या डिसेंबरापासून अमलात आलेल्या नियमांनी ड्रोनचे उड्डाण सामान्यतः दिवसाच्या प्रकाशापुरते व चालविणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यापुरते मर्यादित ठेवले होते. ते नियम किचकट होते यात शंका नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने नवे 'ड्रोन नियम' जारी केले. अर्जांचे नमुने पंचवीसवरून पाचावर आणि शुल्काचे प्रकार बहात्तरवरून चारावर आणल्याचा अभिमानाने उल्लेख करण्यात आला. देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे व लाल असे पट्टे आखले गेले. हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि व्यापारी उपयोग नसेल तर दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. नियमभंगाचा कमाल दंड एक लाख रुपये. रात्रीच्या उड्डाणाचा स्वतंत्र विचार या नियमांत नाही. यंत्राचे स्थान क्षणोक्षणी कळविणारी खूण, परवानगीवाचून उडूच न देणारी योजना, ठरावीक हद्दीबाहेर जाऊ न देणारे कुंपण, या तिन्ही गोष्टींचा उल्लेख आहे. मात्र त्या भविष्यात केव्हा तरी सक्तीच्या करता येतील एवढ्यापुरताच.

या नियमांमागे एक अर्थशास्त्र आहे. उद्योगाच्या वाटेतील परवाने दूर केले म्हणजे उत्पादन वाढते आणि वाढीचे लाभ झिरपत खाली येतात, हे ते परिचित अर्थशास्त्र होय. परवान्यांच्या जंजाळाचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्या जंजाळात गरिबाचाच वेळ व पैसा अधिक गेला आहे. परंतु एखाद्याच्या व्यवहाराचा खर्च जेव्हा व्यवहारात सामील नसलेल्या तिसऱ्यावर पडतो, तेव्हा बाजार आपोआप न्याय करीत नाही, हे तर सनातनी अर्थशास्त्रही मान्य करते. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये कल्याणाचे अर्थशास्त्र मांडताना हाच मुद्दा सविस्तर सांगितला. रात्रीचा ड्रोन हे त्याचे बाळबोध उदाहरण आहे. उडविणाऱ्याचा खर्च म्हणजे बॅटरी भरण्याची वीज. गावाचा खर्च किती? समजा एका गावातील वीस माणसे महिनाभर गस्तीला उभी राहिली, तर सहाशे रात्रींची झोप गेली. त्या सहाशे रात्रींमागून येणारे सहाशे दिवस अर्ध्या शक्तीने केलेल्या कामाचे. त्यात बुडालेली पाण्याची पाळी, रात्रपाळीला जाण्यास कचरणारी कामगार स्त्री, अंगणात झोपण्यास भिणारी मुले मिळवावीत. यांतील एक पैही कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात किंवा शासनाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण गरिबांच्या झोपेला बाजारभाव नाही.

हा खर्च येथेच थांबता तरी एक वेळ सोसता आला असता. खरा धोका पुढेच आहे. काळोख, भय आणि हातात काठ्या घेतलेला जमाव एकत्र आले की त्यांना एखादा चेहरा हवा असतो. आकाशातील यंत्र हाती लागत नाही; रस्त्यावरचा अनोळखी माणूस मात्र लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी झाले. आणि ड्रोनच्या अफवेने प्रत्यक्ष बळी घेतल्याचेही उदाहरण आता आहे. २०२५ च्या उन्हाळ्याअखेरपासून उत्तर प्रदेशाच्या अनेक जिल्ह्यांत 'ड्रोनवाले चोर' आल्याची आवई उठली. मुजफ्फरनगर जिल्ह्यात तर दोघांनी कबुतरांना रंगीत दिवे बांधून उडविल्याचे पोलिसांना आढळले. हसण्यासारखा वाटणारा हा प्रकार ऑक्टोबरच्या प्रारंभी रायबरेली जिल्ह्यात एका दलिताच्या हत्येपर्यंत पोहोचला. चोर समजून जमावाने त्याला मरेपर्यंत मारले.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पारधी व अन्य भटक्या-विमुक्त जमातींची पाले आहेत, ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या आहेत, कारखान्यांत राबणारे बिहार-उत्तर प्रदेशाचे कामगार आहेत. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, परंतु गावच्या आणि पोलीस ठाण्याच्या मनातून तो शिक्का पुसला गेलेला नाही. चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते, हा नित्याचा अनुभव आहे. तेव्हा आकाशातल्या अनोळखी दिव्याची किंमत अखेर जमिनीवरच्या सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागण्याचा संभव फार मोठा आहे. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे लक्ष दिले पाहिजे, त्याचे मुख्य कारण हे आहे.

मग करावे काय? ड्रोनवर सरसकट बंदी, ही मागणी वेडगळ ठरेल. फवारणीच्या विषापासून शेतमजुराचा देह वाचत असेल, पुरात अडकलेल्याला औषध पोहोचत असेल, बिबट्याचा माग लागत असेल, तर ते यंत्र हवेच. बंदीचा आणखी एक दोष असा की ती नोंदणी करून उडणाऱ्या प्रामाणिकावर पडते. लपून उडविणारा बंदीचा कागद वाचीत नाही. पोलीस अधीक्षकांना आजही शहाण्णव तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल पट्टा म्हणून घोषित करण्याचा अधिकार आहे. पण तो पट्टा नकाशावर उमटतो, आणि नकाशा पाहतो तो कायदा पाळणारा. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१८ च्या डिसेंबरात हाच अनुभव घेतला. ड्रोन दिसल्याच्या वार्तांनी सुमारे एक हजार उड्डाणे विस्कटली, जवळजवळ एक लक्ष चाळीस हजार प्रवासी अडकले आणि अपराधी अखेर सापडला नाही.

उपाय शोधावयाचा तो जमिनीवर. बॅटरीवर चालणारा सामान्य ड्रोन अर्धा-पाऊण तासाहून अधिक काळ हवेत राहू शकत नाही आणि तो चालविणारा बहुधा काही किलोमीटरांच्या आतच असतो. म्हणजेच येथे अज्ञात शक्तीचा प्रश्न नाही, त्याच टापूत मोटार उभी करून बसलेल्या कोणा माणसाचा आहे. त्याला ओळख देणे भाग पाडावयाचे. अमेरिकेने रात्रीच्या उड्डाणास २०२१ मध्ये मुभा दिली, पण तीन मैलांवरून दिसणारा लुकलुकता दिवा सक्तीचा करून. पुढे यंत्राने आपली ओळख सतत प्रक्षेपित करावी, असाही दंडक घातला. युरोपात २०२२ पासून रात्रीच्या ड्रोनला हिरवा लुकलुकता दिवा लागतो. भांडवलशाहीचे माहेरघर असलेले देश जी अट उद्योगाला जाचक मानीत नाहीत, ती भारतात जाचक का ठरावी? २०२१ च्या नियमांनी भविष्यावर सोपविलेली स्थानदर्शक खूण निदान रात्रीच्या उड्डाणांसाठी तरी तत्काळ सक्तीची व्हावी. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने ड्रोनविषयक नव्या कायद्याचा मसुदा चर्चेसाठी प्रसिद्ध केला. या चर्चेत उद्योगपतींच्या संघटना आपले म्हणणे मांडतातच. ग्रामपंचायतींनी, शेतकरी व कामगार संघटनांनीही ते मांडले पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कोणत्याही शासकीय खात्याने किंवा त्याच्या ठेकेदाराने गावावरून यंत्र उडविण्यापूर्वी ग्रामपंचायतीस लेखी सूचना द्यावी. कोणते खाते, कोणते काम, कोणती तारीख, कोणती वेळ, हे फलकावर लागावे. पुणे जिल्ह्यातील गावांना ग्राम सुरक्षा यंत्रणेची ओळख आहे. एका दूरध्वनीने संपूर्ण गावाला सावध करण्याची ती सोय आहे. चोर आल्याची वर्दी तिच्यावरून देता येते, तर 'आज रात्री वनखात्याचे यंत्र फिरणार आहे' हेही तिच्यावरून सांगता येईल. याला निधी लागत नाही. लागते ती नागरिकाला माहिती देणे हे आपले कर्तव्य आहे अशी वृत्ती. ती वृत्ती नसली म्हणजे काय होते, हे पुरंदर तालुक्याने दाखविले. प्रस्तावित विमानतळासाठी २०२५ च्या मे महिन्यात लोकांची संमती न घेता ड्रोनने मोजणी करू पाहताच शेतकरी रस्त्यावर आले आणि प्रकरण लाठीमारापर्यंत गेले. ज्यांच्या जमिनी जावयाच्या, त्यांच्या डोक्यावर न विचारता फिरणारे यंत्र हे त्यांना मोजणीचे साधन वाटले नाही. ते सत्तेचे चिन्ह वाटले.

तिसरी गोष्ट गावांनी स्वतः करावयाची आहे. गस्त घालावयाची तर ती पोलीस पाटलाच्या नोंदीने आणि ठाण्याच्या माहितीने घालावी, आणि तीत पालावरच्या व मजूर वस्तीवरच्या माणसांनाही सामील करून घ्यावे. ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा असे गावाला वाटते, तोच पहाऱ्यात उभा राहिला तर निम्मी अफवा जागच्या जागी विरते. अनोळखी माणूस सापडला तर त्याला हात लावावयाचा नाही, ठाण्याला कळवावयाचे, असा ठराव ग्रामसभेने करावा. आणि शेतीला दिवसा वीज देण्याचे जे वचन सौर कृषी वाहिनी योजनेने दिले आहे, ते प्रत्येक वाडीपर्यंत पूर्ण करून घेण्यासाठी आग्रह धरावा. रात्री शेतात जाण्याची सक्ती संपली की बिबट्याचे आणि अनोळखी यंत्राचे, अशी दोन्ही भये बरीच कमी होतील.

डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्तेचा भार सारखा असावा, असे त्यांना अभिप्रेत होते. आकाशाच्या बाबतीत आज सारा भार एकाच खांबावर आहे. नियम दिल्लीत होतात, पट्टे दिल्लीत आखले जातात. रात्र मात्र गावाला काढावी लागते. चारशे फुटांखालचे आकाश हे गावाच्या अंगणाचेच छत आहे. त्याखाली काय चालते हे विचारण्याचा गावाला अधिकार नसेल, तर पंचायत राज्य हे केवळ गटारे आणि दिवाबत्तीपुरते उरेल.

शिरूर-दौंडच्या लोकांनी २०२४ मध्ये विचारलेला प्रश्न साधा होता: वर कोण आहे? लोकशाहीत या प्रश्नाला उत्तर मिळालेच पाहिजे. ज्याला आकाशात यंत्र उडवावयाचे आहे, त्याने आधी जमिनीवर आपले नाव सांगावे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य करण्यास पुढच्या अफवेची आणि पुढच्या बळीची वाट पाहण्याचे कारण नाही.